रेनट्रीखाली काय लावायचं?

शहरातली बाग : लेखांक ९

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, जुन्या सोसायट्यांच्या आवारात एक जागा हमखास सापडते. मधोमध एक मोठं झाड असतं. बहुतेक वेळा रेनट्री, नाहीतर आंबा, बदाम, गुलमोहर किंवा सोनमोहर. भोवती विटांचा कट्टा आणि आत उघडी, चालून चालून घट्ट झालेली माती. दर मे महिन्यात समितीच्या बैठकीत या मातीचा विषय निघतो. कुणीतरी नर्सरीतून पंचवीस-तीस रोपं आणतं, गणपतीपर्यंत ती डोलत असतात आणि होळीला पाहावं तर पुन्हा उघडी माती! मग माळीकाकांना बोल लावला जातो. खरं तर बहुतेक वेळा चूक निवडीतच झालेली असते.

गेल्या लेखांकात आपण इमारतीच्या सावलीतला पट्टा पाहिला. झाडाखालची जागा वरवर तशीच वाटते, म्हणून तिथे चाललेली रोपं लोक इथेही लावतात. पण इमारतीची सावली पाणी पीत नाही, झाड पितं. अन्नपाणी शोषून घेणारी झाडाची बारीक मुळं बहुतांश वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. आपण नळीने घातलेलं पाणी आधी त्यांच्या वाट्याला जातं. त्यामुळे नर्सरीवाल्याला नुसतं ‘सावलीत चालेल असं द्या’ सांगून भागत नाही. सावलीत आणि कोरड्यात दोन्हीकडे टिकेल असं हवं.

त्यात आपल्याकडचा पाऊस. उपनगरांवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं आणि मग ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे एकाच जागेला चार महिने चिखल सोसायचा आणि आठ महिने तहान. शिवाय आपल्या बहुतेक झाडांची सावली बारमाही नसते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. रेनट्री फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला काही आठवडे पानं गाळतो. गुलमोहर तर ऐन उन्हाळा सुरू होईतो उघडाबोडका असतो. बदाम वर्षातून दोनदा पानं टाकतो. ऊन सर्वांत कडक होऊ लागतं नेमकं तेव्हाच वरचं छत्र निघून जातं, आणि सावलीत वाढलेल्या डायफेनबेकियाच्या, अॅग्लोनिमाच्या पानांवर दोन-चार दिवसांत करपल्याचे पांढरट-तपकिरी डाग उठतात. पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी पाणी ओततात, त्याने मुळं कुजतात.

हे कोडं सुटलेलं पाहायचं असेल तर फार लांब जावं लागत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्याने जुलैत चालत जावं. मोठ्या झाडांच्या खाली गुडघ्याएवढा, कुठे कमरेएवढा हिरवा थर दाटलेला असतो. दांड्याभोवती जिन्यासारखी वळत गेलेली पेवाची पानं, रानहळद, दगडांच्या खाचांत नेचे, आणि उतारावर कारवी. तीच वाट मार्चमध्ये चाला. पायाखाली कुरकुरणारा पाचोळा, मध्ये कारवीच्या सुक्या काड्या आणि बाकी जवळपास काही नाही. पेव आणि रानहळद मेलेली नसतात. ती जमिनीखाली कंदात निजलेली असतात. पाणी आलं की वर यायचं, त्या काही महिन्यांत पानं, फुलं, बी सगळं उरकायचं आणि कोरडं लागलं की कंदात परतायचं. झाड पाण्यासाठी सर्वांत हावरं असतं तेव्हा ही मंडळी स्पर्धेतच नसतात. उन्हाळ्यात छत्र उडालं तरी करपायला वर पानच नसतं.

मराठी कुटुंबं आता न्यू जर्सीत आणि टोरांटोतही आहेत आणि तिथल्या परसातल्या मेपलखाली काही जगत नाही ही तक्रार तिकडेही घरोघर आहे. मेपलची मुळं उथळ आणि दाट, सावली गडद. तिथल्या रानानेही उत्तर असंच शोधलंय, फक्त घड्याळ वेगळं. ट्रिलियमसारखी फुलं बर्फ वितळल्यावर, मेपलला पालवी फुटण्याआधीच्या काही आठवड्यांच्या उजेडात फुलून घेतात आणि पुढे उन्हाळ्यात जमिनीखाली जातात. तिकडे उजेडाची संधी साधायची असते, आपल्याकडे पाण्याची. म्हणून तिकडचे लेख वाचून होस्टा या तिकडच्या सावलीतल्या रोपाच्या शोधात इथल्या नर्सऱ्या पालथ्या घालू नयेत. तिला थंडीतली विश्रांती लागते आणि ती आपण देऊ शकत नाही.

तर आपली निवड पावसाळी कंदांपासून सुरू व्हावी, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यात पहिला मान भुईचाफ्याचा. एप्रिल-मेच्या उन्हात, एकही पान नसताना, थेट मातीतून त्याचं फूल उमलतं. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये जांभळी छटा, आणि वास घ्यायला अक्षरशः जमिनीवर वाकावं लागतं. फुलं संपता संपता पाऊस येतो आणि मग पानं निघतात. वरून गडद-फिक्या हिरव्याची नक्षी, खालून जांभळट. नर्सरीत भरपूर पैसे देऊन घेतलेल्या कलाथियाशेजारी ही पानं ठेवली तर मी तरी भुईचाफाच उचलेन. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत तो झोपी जातो. कोकणात किंवा वसईकडे नातलग असतील तर त्यांच्या परसात एक तरी गड्डा असतोच. तो मागून घ्यावा.

दुसरी हळद. बाजारात मेमध्ये मिळणारे ओल्या हळदीचे, आंबेहळदीचे कोंब फुटलेले गड्डे तळहातावर घेऊन पाहा. टोकाला फिकट हिरवट डोळा सुटलेला दिसला की तो गड्डा लावायला तयार आहे. दोन इंच खोल आडवा ठेवायचा, बस्स. नागपंचमीला पातोळ्यांसाठी पानं घरचीच होतात. पानांच्या कडा गुंडाळून आत एखादी अळी बसलेली दिसली तर लगेच औषध फवारू नये. ग्रास डेमन नावाचं काळं-पांढरं फुलपाखरू हळद, सोनटक्का या कुळावरच अंडी घालतं. चार पानं खाल्ली म्हणून हळदीचं काही बिघडत नाही.

सोनटक्का मात्र विचार करून लावावा. त्याला ओल फार लागते. झाडाच्या घेराच्या कडेला, जिथे गच्चीच्या पाइपचं पाणी पडतं तिथे तो ऑगस्टपासून सुगंध देईल. बुंध्याजवळ तो खुरटतो. अळूचंही तेच. पेव मात्र दिलदार आहे. बुंध्यापासून चार फुटांवरही उभा राहतो, पांढरी फुलं आणि लाल कणसं दोन्ही देतो.

शेवळाचं नाव मुद्दाम घेतो. पावसाच्या तोंडावर बोरिवली-मुलुंडच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या बांधून विकतात ती शेवळं म्हणजे सुरणाच्या भावकीतल्या एका रानकंदाचा न उमललेला फुलोरा. घशाला खाज येऊ नये म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. फुलोऱ्यानंतर त्याला छत्रीसारखं एकुलतं एक पान येतं आणि झाडाखाली ते फार देखणं दिसतं. कंद कुणाच्या शेताच्या बांधावरचा मिळाला तर जरूर लावा. पण राष्ट्रीय उद्यानातून, आरेतून किंवा येऊरहून काहीही उपटून आणू नये. उद्यानात तर तो कायद्याने गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ते रान ओरबाडून आपली बाग सजवणं मला पटत नाही.

आता कुणी म्हणेल, मग डिसेंबर ते मे आम्ही काय पाहायचं? प्रश्न रास्त आहे. म्हणून एकतृतीयांश जागा बारमाही, चिवट झाडांना द्यावी. स्पायडर लिली, स्नेक प्लांट, जांभळ्या पोटाच्या पानांचा रिओ. ही नावं ऐकून नाकं मुरडली जातात, कारण ती सगळीकडे दिसतात. पण ती सगळीकडे दिसतात याचं कारणच हे की मुंबईचे कोरडे आठ महिनेही त्यांनी पचवलेत. मागच्या बाजूला अडुळसा लावावा, त्याला कुणी विचारत नाही तरी तो जगतो. जिथे सकाळचं दोन-तीन तास ऊन येतं त्या कडेला अबोली. रोज पाणी घालणारं माणूस असेल तर लेंडी पिंपळी जमिनीवर सुरेख पसरते. डायफेनबेकिया लावायचाच असेल तर लहान मुलं खेळतात त्या बाजूला नको. त्याचं पान चावलं गेलं तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते.

लॉनचा हट्ट सोडावा. लॉनच्या गवताला ऊन लागतं. रेनट्रीखाली अंथरलेली हिरवी सतरंजी दुसरा पावसाळा पाहत नाही आणि खर्च मात्र सगळ्या सदस्यांच्या माथी पडतो.

झाडागणिक थोडा फरक करावा लागतो. रेनट्री त्यातल्या त्यात उदार. त्याची पानं संध्याकाळी आणि ढगाळ हवेत मिटतात, त्यामुळे पावसाचं पाणी खालपर्यंत पोचतं, आणि एरवीही त्याची सावली विरळ, झिरपणारी असते. आंब्याखाली ती बारमाही आणि गडद. शिवाय मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट स्राव खाली ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. रुंद, तुकतुकीत पानांची झाडं तिथे काजळी फासल्यासारखी दिसतात. ती बुरशी पानाच्या आत शिरत नाही, ओल्या फडक्याने पुसली जाते, पण पन्नास झाडांची पानं कोण पुसणार? म्हणून आंब्याखाली कंदच बरे, मोहोराच्या काळात ते जमिनीखाली असतात. बदामाखाली नाजूक काही नको. त्याचं एकेक पान म्हणजे ताटली, लहान रोप त्याखाली गुदमरतं.

लावणीची पद्धत मात्र सगळ्या झाडांना एकच, आणि इथे मला थोडं कळकळीने सांगायचं आहे. कुदळ लावू नका. उपनगरातल्या आवारांत वरची सहा-आठ इंच लाल माती संपली की भरणीचं डेब्रिज लागतं. फरशीचे तुकडे, सिमेंटच्या गोणीच्या चिंध्या, विटांचा चुरा. झाडाने त्या थोड्याशा चांगल्या मातीतच आपली मुळं पसरलेली असतात आणि आपण नेमकी तीच खणतो. खुरप्याने, मुळांच्या मधल्या फटीत, मुठीएवढा खड्डा पुरे. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर जागा बदलायची. रोपंही लहानच घ्यावीत. मोठ्या कुंडीतलं रोप लावायला मोठा खड्डा लागतो.

आणि मातीचा ट्रक मागवू नका! बुंध्याभोवती फूटभर लाल माती चढवून वर कट्टा बांधायचा, ही आपल्याकडची फार जुनी चूक आहे. मुळांना हवा लागते. मुळं वरून दाबली की झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी शेंडे सुकू लागतात आणि तोवर ती माती कुणाला आठवतही नाही. बोट-दोन बोटं शेणखत आणि कुजलेला पाचोळा एवढीच भर घालावी, तीही बुंध्याला न टेकवता. पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत भिडलेले असतील तर आधी ते उचलावेत. दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्या आवारातही निदान तेवढं माप पाळावं. सावली जास्त वाटते म्हणून फांद्या परस्पर उतरवू नयेत. १९७५ च्या राज्याच्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आवार खासगी असलं तरी.

बुंध्याच्या सभोवार दोन फूट काहीच लावू नये आणि मनीप्लांट खोडावर चढू देऊ नये. झाडावर चढला की त्याची पानं सुपाएवढी होतात, दिसतातही छान. पण त्यांच्याआड खोडाला पडलेली ढोली, भुंगेऱ्याने पाडलेला भुसा, बुरशीच्या छत्र्या काहीच दिसत नाही. जुलैच्या वादळात उन्मळून पडणाऱ्या झाडाने आधी खुणा दिलेल्या असतात. त्या पाहायला खोड उघडं हवं.

या आठवड्यात करायचं काम थोडंच आहे. एका सुटीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता झाडाखाली जाऊन ऊन कुठे पडतं ते कागदावर उतरवावं. कंद मृग लागण्याआधी मातीत जावेत, पानांची रोपं मात्र दोन चांगले पाऊस झाल्यावरच. पाचोळा झाडून गोणीत भरायची सवय मोडावी, तो तिथेच पसरला तर उन्हाळ्यात ओल टिकते. दारात कचरा ठेवल्यासारखं दिसतं, अशी कुरकुर होईल, तेव्हा कट्ट्याच्या कडेने वीतभर पट्टा रोज स्वच्छ झाडून घ्यावा, म्हणजे आतला पाचोळा मुद्दाम ठेवलेला आहे हे सगळ्यांना कळतं.

माळीकाकांना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. नोव्हेंबरमध्ये हळदीची, भुईचाफ्याची पानं पिवळी पडतील, तेव्हा ती ओढून काढायची नाहीत. पुढच्या वर्षीचा कंद त्याच दिवसांत भरत असतो. पानं पूर्ण वाळून आपोआप सुटली की उचलायची आणि त्या जागी बांबूची एक काडी रोवून ठेवायची, म्हणजे उन्हाळ्यात रिकामी जागा समजून कुणी तिथे खुरपं चालवणार नाही.