टिकाऊ ध्वनिमुद्रिकेचें रहस्य

लोकप्रिय संगीताचें आयुष्य बहुधा अल्प असतें. आज घरोघरीं गुणगुणलें जाणारें गाणें वर्षभरानंतर कोणाच्या स्मरणांतहि उरत नाहीं. ह्या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत ‘पिंक फ्लॉइड’ ह्या इंग्रज वृंदाची, १९७३ सालीं प्रसिद्ध झालेली ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही ध्वनिमुद्रिका अग्रगण्य होय. अमेरिकेंतील खपाच्या साप्ताहिक यादींत पहिलें स्थान तिला अवघा १ आठवडा लाभलें. परंतु १९८८ पर्यंत त्या यादींत ती एकंदर ७०० हून अधिक आठवडे झळकली. शिखर गांठणें निराळें आणि टिकणें निराळें.

हा वृंद १९६५ च्या सुमारास लंडनमध्यें उदयास आला. ‘सायकेडेलिक’ पंथाच्या अध्वर्यूंत त्याची गणना होते. मादक द्रव्यांच्या अमलाखालीं मनास होणारे भास सुरांतून व रंगीत प्रकाशाच्या झोतांतून उभे करावयाचे, अशी ह्या पंथाची रीति. वृंदाचा पहिला नायक सिड बॅरेट याचें मनःस्वास्थ्य ढासळलें आणि १९६८ मध्यें तो वृंदापासून दुरावला. बुद्धिभ्रंश ही गोष्ट त्याच्या सोबत्यांना ऐकीव राहिली नाहीं. ती त्यांनीं समोर पाहिली.

मुद्रिकेच्या दीर्घायुष्याचें पहिलें कारण येथेंच सांपडतें. रॉजर वॉटर्स यानें लिहिलेल्या गीतांचे विषय म्हणजे निसटणारा काळ, पैशाचा मोह, मृत्यु आणि वेड. हे विषय एका पिढीचे नव्हेत.

दुसरें कारण परिश्रम. १९७२ च्या आरंभापासून ही रचना श्रोत्यांपुढें वाजवून, पारखून सुधारण्यांत आली, व त्याच वर्षीं लंडनच्या ॲबी रोडवरील मुद्रणगृहांत तिचें ध्वनिमुद्रण सुरू झालें. पैशावरील गीतासाठीं नाण्यांचा खणखणाट व गल्ल्याच्या यंत्राचा आवाज फितीवर घेऊन, तिचे तुकडे जोडून, त्यांतूनच ७ मात्रांचें आवर्तन बांधलें गेलें. आपल्या रूपक तालाच्या मात्राहि तितक्याच, हें रसिकांस सांगावयास नकोच.

तिसरें कारण एकसूत्रता. हृदयाच्या ठोक्यांनीं मुद्रिका सुरू होते व त्यांतच विरते. मधलीं गीतें एकमेकांत ओवलेलीं आहेत.

पंथाची नवलाई ओसरली. जे वृंद केवळ नवलाईवर विसंबले, ते तिच्याबरोबरच मावळले. ह्या वृंदानें मात्र भासांचे रंग बाजूस सारून मनुष्याच्या खऱ्या भयाला हात घातला, म्हणूनच नातवंडांनाहि ती मुद्रिका ऐकावीशी वाटते.