रुग्णाच्या रवानगीची तजवीज

नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या इस्पितळात अडलेली बाळंतीण किंवा डोक्याला जबर मार लागलेला तरुण दाखल झाला आणि तेथील साधनसामग्री अपुरी पडली, म्हणजे नातलगांच्या तोंडून पुष्कळदा सुरतेचेच नाव निघते. कारण उधना, लिंबायत, दिंडोली या वस्त्यांतून खानदेशातील सहस्रावधी माणसे पोटापाण्यासाठी स्थायिक झालेली असून, आपले माणूस जेथे आहे तेथे रात्री-अपरात्री आधार मिळेल, हा भरवसा राज्याच्या सीमेहून बळकट असतो. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा तो रस्ता नव्या सिव्हिल इस्पितळापर्यंत किंवा महानगरपालिकेच्या ‘स्मिमेर’पर्यंत जातो, आणि या प्रवासात रुग्णाच्या आयुष्याचे जे तास खर्ची पडतात, त्यांचा हिशेब मांडलाच पाहिजे.

गाडी भरधाव हाकली की काम भागले, असा सामान्य समज आहे. वस्तुतः रुग्णाला हलवण्याचा निर्णय झाल्यापासून गाडीचे चाक फिरेपर्यंत, आणि मुक्कामी पोहोचल्यापासून रुग्ण खाटेवर निजेपर्यंत जो वेळ जातो, त्यातच बचतीस अधिक वाव असतो. पलीकडे खाट रिकामी आहे की नाही याची विचारणा झालेली नसते, रेफर चिठ्ठी अर्धवट असते, सोबत कोणी जायचे ते ठरलेले नसते. आणि पोहोचल्यावर स्ट्रेचर मोकळे होत नाही म्हणून गाडी आवारातच अडकून पडते, व तिकडे दुसरा रुग्ण तिची वाट पाहत राहतो.

प्राणवायूचेच पाहा. लहान, ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरात सुमारे १,५०० लिटर प्राणवायू मावतो. रुग्णास मिनिटाला १० लिटर लागत असतील तर तो अडीच तासांत संपतो, आणि नंदुरबार ते सुरत हे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. तसेच, झटके येणाऱ्या गर्भवतीला मॅग्नेशियम सल्फेटची मात्रा किती व किती वाजता दिली, ही एक ओळ चिठ्ठीत नसेल, तर पुढील डॉक्टरांस ती पुन्हा द्यावी की थांबावे, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

यावरील उपायाचा वस्तुपाठ सुरतेनेच घालून दिला आहे. तेथील ‘डोनेट लाइफ’ या संस्थेच्या प्रयत्नांनी मेंदूमृत दात्यांचे अवयव मुंबई-अहमदाबादपर्यंत पोहोचले आहेत. हृदय शरीराबाहेर साधारणतः चार ते सहा तासच उपयोगी राहते. म्हणून चौकाचौकात पोलीस तैनात होतात, आणि हृदय निघण्यापूर्वीच पलीकडचे शस्त्रक्रियागृह सज्ज होते. या ‘ग्रीन कॉरिडॉर’चे श्रेय मोकळ्या रस्त्यास जितके, तितकेच आगाऊ दिलेल्या इत्तलेस आहे. प्रत्येक रुग्णासाठी रस्ते अडवणे शक्य नाही. परंतु इत्तला देणे मात्र सर्वथा शक्य आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ही अपेक्षा १९९६ साली स्पष्ट शब्दांत नोंदवली. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेगाडीतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुरास एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. त्या प्रकरणी, खाट कोठे उपलब्ध आहे हे तत्काळ कळावे म्हणून मध्यवर्ती संपर्कयंत्रणा असावी, आणि रुग्णवाहिकेत आवश्यक साधने व प्रशिक्षित माणसे असावीत, असे न्यायालयाने सांगितले.

गुजरातेत १०८ क्रमांकाची सेवा २००७ साली आणि महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. क्रमांक एकच असला तरी कारभार दोन राज्यांचा आहे, आणि रुग्णाला तर दोन्ही मुलखांतून जावे लागते. म्हणून नंदुरबार व सुरत येथील इस्पितळांनी परस्परांशी थेट दूरध्वनीची व्यवस्था करावी, दोन्हीकडे एकाच नमुन्याची चिठ्ठी चालावी, रुग्ण स्वीकारणाऱ्या डॉक्टरांचे नाव निघण्यापूर्वी नोंदले जावे, आणि रवानगीच्या प्रत्येक टप्प्याची वेळ दप्तरात लिहून महिन्याकाठी तपासली जावी. यास नव्या इमारती लागत नाहीत, मोठी मंजुरीही लागत नाही. लागते ती जबाबदारीची वाटणी. पाठवणाऱ्याची जबाबदारी रुग्ण फाटकाबाहेर गेला म्हणजे संपत नाही, आणि स्वीकारणाऱ्याची तो फाटकात आल्यावर सुरू होत नाही, हे दोन्ही इस्पितळांनी मान्य केले, तर वाटेवरच्या रुग्णास कोणी वाली उरत नाही ही आजची अवस्था पालटेल.