चित्राला चालायला शिकवणारी पुस्तके

आपल्या वस्तीत चित्र काढणारी मुले कमी नाहीत. जयंतीच्या फलकापासून दुकानाच्या पाटीपर्यंत त्यांचा हात फिरत असतो. त्यातला एखादा म्हणतो, "मला कार्टून फिल्म शिकायची आहे." मग क्लासच्या फीचा आकडा निघतो आणि बाप गप्प होतो. अशा घरांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. हाताने काढायचे ॲनिमेशन पुस्तकावरून शिकता येते.

अमेरिकेतील व्यंगचित्रकार विन्सर मॅके याला कोणी शिकवलेच नव्हते. पाने भराभर सोडली की चित्र हलते, अशी छोटी पुस्तके त्याच्या मुलाने घरी आणली होती. त्यावरून सुचले, असे तो सांगे. १९११ साली त्याने सुमारे ४००० चित्रे काढून पहिली फिल्म केली. १९१४ च्या 'गर्टी' या डायनासोरच्या फिल्मसाठी मागचे डोंगर प्रत्येक कागदावर पुन्हा काढावे लागले. ते काम शेजारच्या एका कलाविद्यार्थ्याने केले. आम्हाला त्या पोराचेच जास्त कौतुक वाटते.

आज पुस्तके आहेत. डिस्नेच्या 'फँटासिया'त (१९४०) नाचणारे पाणघोडे रंगवणारे प्रेस्टन ब्लेअर यांचे पुस्तक सर्वांत सोपे. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांच्या १९८१ च्या जाडजूड ग्रंथात बारा तत्त्वे आहेत. रिचर्ड विल्यम्स यांचे २००१ चे पुस्तक तर चालण्या-पळण्याची खाणच. तिन्ही इंग्रजीत आहेत, पण घाबरू नये. चित्रांना क्रमांक दिलेले असतात, बरेचसे नुसते पाहून कळते. महाग वाटल्यास ग्रंथालयात विचारावे, दोघातिघांत मिळून एक घ्यावे.

सुरुवात चेंडूपासून. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी जातात. एकेक चित्र दोनदा घेतले तर १२ चित्रे पुरतात. चेंडू वर पोचतो तिथे चित्रे जवळजवळ काढायची, खाली येताना लांब लांब. जवळ म्हणजे सावकाश, लांब म्हणजे वेगात. आपटताना चेंडू चपटा होतो, पण जितका चपटा तितका रुंद झाला पाहिजे. नाही तर त्यातली हवा गेल्यासारखी दिसते. हे बोटांना कळल्यावर मग माणसाचे चालणे घ्यावे. आधी पाऊल टेकल्याची मुख्य चित्रे, नंतर मधली. मधल्यांत अंग खाली दबते, पुन्हा वर उचलले जाते. हा चढउतार चुकला की माणूस चालत नाही, घसरतो.

सामान थोडके लागते. काचेखाली एक दिवा, दोन भोके पाडणारे पंच आणि कागद जागेवर बसवायला पट्टीवर दोन खुंट्या. चित्रे टिपायला मोबाईल चालतो, त्यासाठी फुकटची ॲपेही आहेत. खरा खर्च कागदाचा. एका मिनिटाला ७२० चित्रे, म्हणजे जवळजवळ दीड रीम. घरातली कुरकुर इथूनच सुरू होते. पाच सेकंदांची फिल्म करा, साठ कागदांत भागते. पाठकोरे कागदही चालतात, फक्त खालच्या दिव्यात मागची छपाई दिसते.

आपल्याकडेही याचा एक धागा आहे. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. राम मोहन तिथेच तयार झाले. त्या विभागाची १९५७ ची 'द बनियन डिअर' ही फिल्म जातककथेवर आहे. गाभण हरिणीऐवजी आपला जीव देऊ करणाऱ्या मृगराजाची गोष्ट आपल्या पोरांना तोंडपाठ असते. हरिणाचे पाय काढायला मात्र अवघड. त्यासाठी मायब्रिज यांनी १८८७ साली छापलेली धावत्या जनावरांची छायाचित्रे समोर ठेवावीत, पाय कुठे दुमडतो ते त्यात पावलागणिक दिसते.

आणि आईला आधीच सांगून ठेवावे, कोपऱ्यात आकडे घातलेले कागद रद्दीत द्यायचे नाहीत.