बंद पडायच्या आधी ओळखा
गावातली कोणती सोय उद्या राहणार नाही, आणि तिच्याविना कोणाचे अडणार?



गावातली एखादी सोय बंद पडली की चार दिवस पारावर चर्चा होते. "अचानकच बंद पडलं बाप्पा," असे कोणी म्हणतो आणि विषय संपतो. पण अचानक काहीच बंद पडत नाही. पिकावर रोग दिसायच्या आधी पानावर ठिपका येतो, तसा प्रत्येक धंद्यावर आणि सेवेवर आधी ठिपका येतो. तो पाहायची सवय आपल्याला नाही, एवढेच.

बंद पडणारी प्रत्येक गोष्ट वाचवायची असते असेही नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गावोगावी एसटीडीचे बूथ होते. मुंबई-पुण्याच्या पोराशी बोलायला लोक रात्री रांग लावत. ते बूथ गेले, कोणी हळहळले नाही. कारण फोन मजुराच्याही खिशात आला. जुनी सोय गेली, नवी सर्वांपर्यंत पोचली, हिशेब बरोबर.

म्हणून एखादी सेवा जाताना दिसली की एकच प्रश्न विचारा. तिचा पर्याय गावातल्या सर्वांत लहान शेतकऱ्यापर्यंत पोचला आहे काय? पोचला असेल तर जाऊ द्या. पोचला नसेल तर ती सेवा गेल्यावर मोठ्याचे काही बिघडणार नाही, दोन एकरवाला मात्र अडकेल. आपल्या वऱ्हाडात असे घडलेले आहे.

शकुंतलेचा धडा

शकुंतला रेल्वे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला आणि दुसरा दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला जायचा. दोन्ही मिळून जवळपास १९० किलोमीटरचा अरुंद रूळ. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीच्या व्यवस्थेखाली, १९१० साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने तो टाकला. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर न्यायचा आणि तिथून मुंबईला, हा त्यामागचा हेतू. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले.

२०२० साल येईपर्यंत दोन्ही बाजूंच्या फेऱ्या थांबल्या. पण गाडी मरायला लागली ती त्याच्या फार आधी. कापूस ट्रकने जायला लागला, म्हणजे मोठे गिऱ्हाईक गेले. ज्याच्याकडे मोटारसायकल आली तो प्रवासी गेला. शेवटी उरला तो कमी भाड्यासाठी बसणारा गरीब माणूस. शिवाय रूळ खाजगी कंपनीच्या मालकीचा आणि गाडी चालवणार सरकारी रेल्वे. जुना रूळ आणि पूल कोणी दुरुस्त करायचे हा प्रश्न लोंबकळत राहिला. मालक एक, चालवणारा दुसरा आणि दुरुस्ती कोणाचीच नाही, अशी गोष्ट टिकत नाही. गावातली हातपंपाची किंवा सामाईक मोटारीची कथा याहून वेगळी आहे काय?

एकाधिकार गेला, मग काय झाले?

दुसरा धडा कापूस एकाधिकार खरेदीचा. १९७१ च्या कायद्याने ही योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, ग्रेड लागायची, पावती मिळायची. १९८४ साली कापूस पणन महासंघ स्थापन झाला. चुकारे उशिरा मिळतात, ग्रेडर ग्रेड पाडतो, गाड्या केंद्रावर तीन-तीन दिवस उभ्या राहतात, अशी आपली तक्रार असे. ती खोटी नव्हती. पण व्यापाऱ्याच्या मापापुढे अडून राहायची पाळीही त्या काळात येत नव्हती.

या योजनेवरचा ठिपका कोणता होता? बाहेर भाव चढला की आपला कापूस मध्य प्रदेशात आणि गुजरातेत जायचा. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस आपल्या केंद्रावर यायचा. म्हणजे तेजीत माल बाहेर आणि मंदीत तोटा आत. असे वर्षानुवर्षे झाल्यावर कोणतीही तिजोरी रिकामी होईल. २००२ च्या सुमारास एकाधिकार संपला आणि खाजगी खरेदी खुली झाली.

आज हमीभावाने कापूस घेते ती मुख्यतः सीसीआय, म्हणजे १९७० साली स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' या मोबाइल अॅपवर आधी नोंदणी करण्याची अट आली. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून जास्त ओला माल परत. ज्याच्या घरी शिकलेले पोर आहे, सातबारा नावावर आहे आणि माल वाळवायला जागा आहे, त्याचे जमते. ज्याने वावर ठोक्याने केले आहे आणि ज्याला दिवाळीच्या आधीच पैशाची नड आहे, तो खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. पर्याय आला खरा, पण खालपर्यंत पोचला नाही.

जिनिंग बंद, की काटाही दूर

कापूस केंद्राशी जोडलेली एक साखळी लक्षात घ्या. सीसीआयचे केंद्र उघडते ते जिनिंग-प्रेसिंग चालू असलेल्या ठिकाणी. एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. हा माल जागेवरच वेगळा करून गाठी बांधायच्या असतात. म्हणून तालुक्यातली जिनिंग बंद पडली तर उद्या खरेदीचा काटाही दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकतो.

आपल्या भागातल्या अनेक सहकारी जिनिंगच्या फाटकाला कुलूप आहे. आवारात बाभळी वाढल्या आहेत. आजोबांच्या नावाचा शेअर असेल, पण तो कागद कुठे आहे हे घरात कोणाला माहीत नाही. सोयाबीन वाढले तसा कापसाचा पेरा कमी झाला आणि जिनिंगचा हंगाम आखडला. जी खाजगी जिनिंग आज चालू आहे, तिचा हंगाम किती महिने चालतो हे विचारून ठेवा. दरवर्षी तो महिना-पंधरा दिवसांनी कमी होत असेल तर ठिपका आला समजा.

सुतार, लोहार आणि बैलजोडी

आता गावाच्या आत या. आज सर्वांत जास्त धोक्यात असलेली सेवा कोणती, असे मला विचाराल तर मी सुताराच्या आणि लोहाराच्या भात्याकडे बोट दाखवीन.

तिफनीचा फण मोडला, सरते फुटले, डवऱ्याचा दांडा निसटला, वखराची फास बोथट झाली, बंडीची धाव ढिली पडली, तर हे काम दुकानात होत नाही. ते दोन माणसे करतात. त्यांचे पोट चालते ते गावातल्या बैलांवर. समजा गावात चाळीस जोड्या होत्या, तर वर्षभर काम मिळत होते. आठ जोड्या उरल्या तर सुतार दारे-खिडक्या करायला शहरात जातो आणि लोहार वेल्डिंगच्या दुकानात मजुरीला. मग उरलेल्या आठ जोडीवाल्यांचेही अडते आणि तेही बैल विकतात. एक गेला की दुसरा, असे हे ओघाने जाते.

हे एका गावापुरते नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या गायींची संख्या २०१२ पेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढली, पण बैल, गोऱ्हे आणि वळू मिळून नर जनावरे सुमारे ३० टक्क्यांनी घटली. सात वर्षांत तीनातला जवळजवळ एक गेला.

"सायेब, ट्रॅक्टर हाय ना, बैल कायले पोसाचे?" असे तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे. जोडीला वर्षभर कडबा-कुटार लागते, ढेप लागते, राखणारा माणूस लागतो आणि काम चार महिन्यांचे. बैल ठेवा असा उपदेश मी करणार नाही. मी फक्त पेरणीचा हिशेब मांडतो.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, अशी शिफारस आहे. तेवढा पाऊस पडला की काळ्या जमिनीत वापसा यायला दिवस लागतात आणि आलेला वापसा दोन-चार दिवसच टिकतो. त्याच दोन-चार दिवसांत सगळ्या गावाला पेरायचे असते. ट्रॅक्टर गावात तीन. ते आधी मालकाच्या वावरात, मग वीस एकरवाल्याकडे, कारण तिथे एका जागी काम जास्त आणि डिझेल कमी. दोन एकरवाल्याचा नंबर शेवटी. तेवढ्यात पुन्हा पाऊस लागला तर आठ दिवस गेले. मुगा-उडदाची वेळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि सोयाबीन १५ जुलैनंतर पेरले तर उतारा घटतो. म्हणजे बैलजोडी गेल्याचा तोटा बैल विकणाऱ्याला होतोच असे नाही. तो त्या शेजाऱ्याला होतो, जो त्याच्याकडून जोडी भाड्याने नेत होता.

डवरणीचेही तेच. कपाशी वाढल्यावर ट्रॅक्टर आत जात नाही, डवरा जातो. डवरा नसेल तर निंदणाचा खर्च वाढतो किंवा तणनाशकाचा.

अवजारे बँकही या यादीत येऊ शकते

यावर उपाय म्हणून कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून आणि २०१८ पासून पोकरा प्रकल्पातून गटांना अवजारे बँका मिळाल्या. ट्रॅक्टर, रुंद वरंबा सरीचे पेरणी यंत्र, मळणी यंत्र असे साहित्य गटाच्या नावावर आले. सोय चांगली आहे. पण शकुंतलेचा धडा आठवा. ज्या बँकेत भाड्याचा फलक नाही, नंबर लावायचे रजिस्टर नाही आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेला पैसा नाही, तिथे यंत्र दोन हंगामांत अध्यक्षाच्या गोठ्यात उभे राहते. अनुदान यंत्र देते, पण ते चालू ठेवायचे काम गटाचेच असते.

या चार खुणा पाहा

एक : रोज मिळणारी सेवा वाराने मिळायला लागते, मग "या पुढच्या आठवड्यात" असे उत्तर येते.

दोन : चालवणारा म्हातारा होतो आणि त्याच्या हाताखाली पोरगे नसते.

तीन : मोडलेले दुरुस्त होत नाही. कोणाचे काम ते विचारले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

चार : मोठे गिऱ्हाईक निघून जाते आणि फक्त लहान, उधारीवाले उरतात.

चारपैकी दोन खुणा दिसल्या तर ती सेवा फार दिवसांची सोबती नाही असे धरून तयारीला लागा.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सोसायटीच्या संचालकांना माझी विनंती आहे. एका ग्रामसभेत अर्धा तास काढून गावातल्या सेवांची यादी करा : सुतार, लोहार, बैलजोडी, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, गुरांचा दवाखाना, सोसायटी, चक्की, एसटीची फेरी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा. कोण चालवते, त्याच्यानंतर कोण, आणि बंद पडली तर कोणाचे अडेल. कागदावर आले की आपोआप दिसते.

सुतार-लोहाराची मजुरी वर्षाच्या शेवटी धान्यात देण्यापेक्षा दहा-वीस घरांनी मिळून उन्हाळ्यातच रोख द्यावी आणि अवजारे मे महिन्यात दुरुस्त करून घ्यावीत. त्याला उन्हाळ्यात काम मिळेल आणि तुम्हाला मृगात धावपळ नको. एखादा पोरगा शिकायला तयार असेल तर गावाने त्याला पहिल्या वर्षाच्या कामाची हमी द्यावी.

ज्यांच्याकडे जोडी आहे आणि ज्यांच्याकडे नाही, अशा चार-पाच घरांनी सावड करावी. जोडीवाल्याने पेरून द्यावे, दुसऱ्याने कुटार आणि मजूर द्यावा. ही रीत आपल्याकडे जुनी आहे. फक्त ठराव पेरणीच्या आधी व्हावा, पाऊस आल्यावर नाही.

अवजारे बँकेच्या रजिस्टरमध्ये पहिले नंबर पाच एकरांखालच्यांना द्या, तसे ठरावातच लिहा. भाड्यातला ठरावीक हिस्सा दुरुस्तीच्या खात्यात टाका.

सोयाबीनचे बियाणे घरचे ठेवा. हे पीक सरळ वाणाचे आहे, दरवर्षी पिशवी घ्यायची गरज नाही. २०२० च्या खरिपात विकतचे बियाणे उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, हे विसरू नका. ओल्या गोणपाटात १०० दाणे मोजून ठेवा. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पेरा, कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा.

कापसाची नोंदणी हंगाम लागायच्या आधी करून घ्या. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांची नोंदणी गावातल्या शिकलेल्या पोरांनी एका दिवशी चावडीत बसून करून द्यावी. दोन-दोन क्विंटलवाल्यांनी कापूस वाळवून एकाच गाडीत न्यावा, म्हणजे दूरच्या केंद्राचे भाडे परवडेल.

आणि यंदाच्या पोळ्यात एक काम जरूर करा. तोरणाखाली किती जोड्या उभ्या राहिल्या ते मोजा आणि ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. आकडा घटला तर त्याच आठवड्यात बसून ठरवा की येत्या मृगात कोणाचे वावर कोण पेरून देणार. दोन एकरवाल्याचे नाव त्या यादीत सर्वांत वर असले पाहिजे.