दोन नाळांची नौका

श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील निगंबो गावी जाऊन ‘ओरुवा’ या नौकेविषयी लिहावे, असे संपादकांचे फर्मान सुटले, त्यामागे कोकणातील उलांडीच्या होड्यांशी तिचे नाते ताडून पाहावे असा त्यांचा हेतू होता. नाते उघड आहे. एका बाजूस दोन वाकड्या दांड्यांच्या टोकाशी बांधलेला ओंडका, म्हणजेच उलांडी, इथेही आहे आणि गोव्याच्या रांपणकारांच्या होडीप्रमाणे फळ्या काथ्याच्या सुंभाने शिवण्याची वहिवाटही आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने या बेटाकडील गलबतांना दोन्ही टोकांस नाळ, म्हणजे पुढची बाजू, असते, अशी नोंद केली आहे. इतिहासाचे दप्तर मी तेवढ्यावरच मिटले, कारण त्या दोन नाळांनीच माझे चित्त वेधून घेतले.

ज्या वृद्ध सुताराच्या मांडवात मी बसत असे, त्याच्यापुढील कोरीव खोडाचे तोंड इतके अरुंद होते की त्यात माणसाचे जेमतेम पाय मावावेत. त्याच्या कडांवर उभ्या फळ्या शिवल्या की नौकेला उंची येते. सबंध कामात खिळा नाही. लाटेच्या तडाख्याने खिळ्याचा सांधा उलतो, सुंभाचा सांधा किंचित सैलावून पुन्हा जागेवर येतो. म्हणून उलांडीच्या दांड्याही दोरानेच आवळायच्या.

मात्र खरी करामत शिडाखाली दिसते. उलांडी सदैव वाऱ्याकडच्याच अंगाला राहिली पाहिजे, कारण शिडावरच्या दाबाने नौका कलू लागली असता त्या ओंडक्याचे वजन तिला आवरते. वारा वाढला तर खलाशी दांड्यांवर चालत जाऊन स्वतःचे वजन त्यात घालतात, आणि ‘एका माणसाचा वारा’, ‘दोन माणसांचा वारा’ अशी वाऱ्याची मोजणीच जुन्या इंग्रज प्रवाशांनी इथे ऐकली होती. आता दिशा पालटायची झाली, तर इतर नौकांसारखे नाळ फिरवून वारा दुसऱ्या बाजूस घेणे इथे घातक, कारण मग उलांडीच पाण्याखाली दाबली जाईल. तेव्हा ओरुवा वळतच नाही. शीड पलीकडच्या टोकाकडे झुकवितात, सुकाणूचे वल्हेही तिकडे नेतात आणि क्षणापूर्वीची पिछाडी नाळ होऊन चालू लागते. मानवी बुद्धीने संकट निवारण्याऐवजी त्याचा प्रश्नच उरू दिला नाही, असे याहून सुबक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

या चातुर्याला ग्रहण लागले आहे ते दोन बाजूंनी. एवढ्या घेराचे सरळ खोड मिळणे दुर्घट झाले, म्हणून फायबरग्लासचे ओतीव सांगाडे आले. त्यांना कुजणे ठाऊक नाही आणि कारागिराच्या महिनोन्‌महिन्यांच्या तासकामाची गरजही नाही. धीवरांनी ते स्वीकारले यात मला काही अयोग्य दिसत नाही, उलांडी तर त्यांनाही आहेच. परंतु यंत्राचे प्रकरण निराळे. ते एकाच टोकाला बसते, आणि बसताक्षणी ते टोक कायमची पिछाडी ठरते. वारा कोणत्या अंगाने येतो याची फिकीर यंत्राला नसल्यामुळे उलांडीही केवळ आधारापुरती उरते. सुताराला याचा विषाद वाटलेला दिसला नाही. यंत्र कोणत्या टोकाला लावायचे ते गिऱ्हाइकाने ठरवावे, असे म्हणून तो दोन्ही टोके अद्याप सारखीच तासतो, आणि त्या जादा श्रमाची मजुरी मात्र कोणी देत नाही.