उमेदवाराचे पत्रक कसे वाचावे?



सप्टेंबर २०२४ मध्ये कौन्सिलच्या निवडणुका झाल्या, तेव्हा आमच्या पत्रपेटीत एका उमेदवाराचे पत्रक पडले. वर हसरा फोटो आणि खाली पाच आश्वासने: गाड्या वेळेवर धावतील, शाळेत वर्गखोल्या वाढवू, उंच इमारती थांबवू, कचरा वेळच्या वेळी उचलू, घरपट्टी वाढू देणार नाही. आमच्या आठ वर्षांच्या कन्येने ते मोठ्याने वाचले आणि विचारले, "बाबा, हे काका एवढं सगळं एकटेच करणार?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर देताना आमची तारांबळ उडाली. संगणकाच्या कामात काही बिघडले, की आम्ही आधी विचारतो, हा भाग कोणाकडे आहे? येथेही तेच विचारले.

ऑस्ट्रेलियात सरकारचे तीन मजले आहेत. कॅनबेरातील केंद्र सरकार संरक्षण, व्हिसा आणि नागरिकत्व पाहते. न्यू साउथ वेल्सच्या राज्य सरकारकडे सरकारी शाळा, इस्पितळे, पोलीस आणि रेल्वे. घराजवळचे रस्ते, बागा, वाचनालये आणि कचरा हे कौन्सिलचे काम. आपले हॅरिस पार्क पॅरामॅटा कौन्सिलमध्ये येते. तेथे पाच प्रभाग आणि प्रत्येकी तीन, असे पंधरा नगरसेवक असतात. लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर, हे नगरसेवक आपल्यातूनच निवडतात. २०१७ मध्ये निवडून आलेले समीर पांडे २०२३ मध्ये असेच महापौर झाले. भारतीय वंशाचे ते येथील पहिले.

आता ती पाच आश्वासने पाहू.

गाड्या आणि वर्गखोल्या राज्याकडे. डिसेंबर २०२४ मध्ये वेस्टमीड ते कार्लिंगफोर्ड सुरू झालेली लाइट रेलसुद्धा राज्य सरकारचीच. नगरसेवक फार तर पाठपुरावा करू शकतो.

उंच इमारतींचे प्रकरण अर्धे-अर्धे आहे. सिडनीत मार्च २०१८ पासून बांधकामाच्या अर्जांवर नगरसेवक मत देत नाहीत. मोठे किंवा वादाचे अर्ज तज्ज्ञांच्या समितीपुढे जातात. मात्र कोठे किती उंच बांधता येईल, कोणती जुनी घरे जपायची, या नियमांचा आराखडा करण्यात कौन्सिलचा मोठा वाटा असतो. विग्रम स्ट्रीटवरच्या ज्या बैठ्या घरांत आपण डोसे खातो, त्यांचे भवितव्य अशा नियमांवर ठरते.

कचरा मात्र पूर्णपणे कौन्सिलचा. तेथे हयगय झाली, तर नगरसेवकाला खुशाल जाब विचारावा.

राहिली घरपट्टी. कौन्सिलला तिच्यातून एकूण किती जास्त रक्कम घेता येईल, याची मर्यादा राज्याची एक स्वतंत्र संस्था दरवर्षी ठरवते. त्याहून जास्त हवी असेल, तर कौन्सिलला खास परवानगी मागावी लागते. ती मागावी की नाही, यावर नगरसेवकाचे मत मोलाचे ठरते.

म्हणजे पाचांपैकी एक पूर्ण, दोन अर्धी आणि दोन दुसऱ्याच मजल्यावरची! म्हणून तो उमेदवार खोटारडा ठरत नाही. पण "कसे करणार?" हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

"एवढीशी कामे, मग नगरसेवक हवाच कशाला?" असे कोणी म्हणेल. आमच्या पुण्याकडे पाहा. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. पाणी आले नाही, तर ज्यांच्या दारात जायचे, ते नगरसेवकच नव्हते. येथेही मे २०१६ मध्ये कौन्सिलांची फेररचना झाली, तेव्हा सप्टेंबर २०१७ पर्यंत पॅरामॅटात प्रशासकच होते. खुर्ची रिकामी झाली, की तिची किंमत कळते.

या निवडणुकीत मत देण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे नागरिक असावे लागते. आपल्यापैकी अनेकांपुढे येथेच पेच पडतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय पासपोर्ट परत करताना आमचाही हात अडखळला होता. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण नागरिक झाल्यावर मतदान सक्तीचे आहे; सबळ कारणाशिवाय चुकवले, तर ५५ डॉलर दंड. आणि जे नागरिक नाहीत, त्यांनी गप्प बसण्याचे कारण नाही. शेजारच्या बांधकामावर हरकत नोंदवणे किंवा नगरसेवकाला पत्र लिहिणे, यासाठी पासपोर्ट विचारत नाहीत.

पुढची निवडणूक सप्टेंबर २०२८ मध्ये आहे. तोवर मुलांसाठी गृहपाठ: घरापासून शाळेपर्यंत चालत जा आणि दिसलेल्या दहा गोष्टी मराठीत लिहा. प्रत्येकीपुढे केंद्र, राज्य की कौन्सिल, ते लिहा. आईबाबांना विचारायला हरकत नाही. पण त्यांनाही येईलच, असे समजू नका. आम्हाला आले नव्हते!