तिथी गुणिले पाऊण: लहान मुलांना घेऊन दापोलीत

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून दापोलीत उतरणाऱ्या गाड्यांच्या डिकीत हल्ली घडीची बाबागाडी, डायपरचं पुडकं आणि वाळूत खेळायची प्लास्टिकची बादली हमखास असते. म्हणजे गाडीत तीन वर्षांखालचं कुणीतरी आहे. कार्यक्रम ऐकला तर मात्र तसं वाटत नाही. पहिल्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै बंदर, मुरूड. दुसऱ्या दिवशी केशवराज, पन्हाळेकाजीची लेणी, उन्हवऱ्याचं गरम पाण्याचं कुंड आणि सूर्यास्ताला लाडघर. यातलं एकही ठिकाण चुकवण्यासारखं नाही, हे खरं. पण ही यादी मोठ्यांच्या हौसेने आणि गाडीच्या वेगाने केलेली असते. दीड वर्षाच्या मुलाला पन्हाळेकाजीची २९ लेणी आणि खोलीबाहेरच्या पायरीवरची मुंग्यांची रांग यांत निवड करायला सांगितली, तर ते मुंग्यांपाशी बसेल. त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

लहान मुलांना घेऊन यायला दापोली सोयीची आहे ती वेगळ्या कारणाने. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे. इंग्रजांनी इथे लष्कराची छावणी ठेवली, म्हणून जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. आश्विनातलं ऊन इथेही चटके देतंच, पण रात्री हवा उतरते आणि मुलं झोपतात. बहुतेक किनारे अर्ध्या-पाऊण तासावर. त्यामुळे सकाळी एक जागा, दुपारी झोप, संध्याकाळी जमलंच तर दुसरी, एवढं सहज बसतं. याहून जास्त बसवायला गेलं की रडारड सुरू होते, आणि ती नेहमी मुलांचीच असते असं नाही.

मुख्य प्रश्न समुद्राच्या वेळेचा. हॉटेलात शिरल्या शिरल्या लोक चेक-आउटची वेळ विचारतात, भरतीची विचारत नाहीत. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाची तफावत धरावीच लागते. पण भिंतीवरच्या कालनिर्णयावरून सहलीचा दिवस आखायला पुरतो.

आता दिवाळीला तो लावून बघा. धनत्रयोदशीची पूर्ण ओहोटी दुपारी चारच्या आसपास, नरकचतुर्दशीची पावणेपाच, लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येची साडेपाच. सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो. म्हणजे या तिन्ही संध्याकाळी कर्दे-मुरूडच्या सपाट किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूचं लांबरुंद मैदान मिळतं. भाऊबीजेला ओहोटी संध्याकाळी पावणेआठवर जाते, तोवर अंधार पडलेला असतो. त्या दिवशी सकाळी साडेसातला जावं.

याच हिशेबात एक धोकाही आहे. दिवाळीत अमावास्या असते, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते, म्हणून जाणारं पाणीही जोरात ओढतं. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत समुद्र जेवढा शांत असतो, तेवढा दिवाळीत नसतो. वाळू ओहोटीची वापरावी, पाणी नाही. मुलाने खेळावं ते मागे राहिलेल्या घोटाभर डबक्यात, मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात. आणि ज्या किनाऱ्यावर लोक ओल्या वाळूतून गाड्या फिरवतात, तिथे मूल खाली ठेवूच नये. ड्रायव्हरच्या काचेतून अडीच फुटांचं माणूस दिसत नाही.

चालायला लागलेल्या मुलासाठी ही ओली वाळू फार चांगली शाळा आहे. कोरड्या वाळूत चालायला मोठ्या माणसालाही कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते, हे मोजलं गेलेलं आहे. नवं नवं चालणारं मूल तिथे चार पावलांत बसकण मारतं. ओल्या वाळूत पाय रुततो तो थोडाच, आणि पडलं तरी लागत नाही. पडायचं तर असतंच. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळताना पाहिली, तेव्हा एका तासात सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं भरलं. आपण घरी ‘पडशील, पडशील’ म्हणत हात धरून ठेवतो, तेव्हा त्याचा रोजचा सराव अडवत असतो. बूट-मोजे गाडीतच राहू द्यावेत. काचा आणि तुटक्या जाळ्यांचे तुकडे मात्र आधी आपण बघून घ्यावेत.

‘अजून चालत नाही?’ हा प्रश्न दिवाळीतच सर्वांत जास्त विचारला जातो, कारण सगळी भावंडं एकत्र जमतात आणि सारख्या वयाची दोन मुलं शेजारी शेजारी बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून काही पल्ले जाहीर केले. त्या देशांत भारतही होता. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक मूल पहिल्या वाढदिवसाच्या आधीच धावतंय आणि दुसरं सोळाव्या महिन्यात सोफ्याला धरून उभं आहे, तर दोन्ही ठीक असू शकतात. त्याच पाहणीत शेकडा चारांहून थोडी जास्त मुलं हातापायांवर रांगलीच नाहीत, तशीच उभी राहिली. आजी म्हणते, ‘आमचा बाळ्या रांगलाच नाही’, तेव्हा ती थापा मारत नसते. अठरा महिने उलटले आणि एकही पाऊल नाही, किंवा आधी येत असलेली गोष्ट मूल विसरलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. चुलतभावाशी तुलना करून काही कळत नाही.

वयाच्या अशा अंदाजाची एक गोष्ट मुरूडचीच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे या गावात वाढले. सरकारी नोकरीसाठीच्या परीक्षेला बसायला ते मित्रांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. तिथे अधिकाऱ्यांनी बघितलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं. अंगाने लहानखुरे होते, एवढंच. पुढे १९५८ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं. मुरूडच्या देवीच्या देवळापाशी, किनाऱ्याकडे जाताना, मोठ्या मुलांना ही हकीगत सांगावी. त्यांना त्यातलं चालणं जास्त आवडतं.

दापोली तालुक्यात चालण्याच्या गोष्टी तशा बऱ्याच आहेत. साने गुरुजी पालगडचे, जन्म २४ डिसेंबर १८९९. शिकायला दापोलीच्या इंग्रजी शाळेत होते आणि घरी जायचं तर पायी. पालगडला त्यांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘श्यामची आई’ वाचून दाखवली असेल तर तिथे जरूर जावं. त्या पुस्तकात पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई फोक मारून विहिरीवर धाडते, तो प्रसंग मुलं न चुकता आठवतात. आज तसं कुणी करू नये, पण आईला आतून काय वाटत होतं तेही गुरुजींनी लिहून ठेवलंय, म्हणून तो प्रसंग क्रूर वाटत नाही.

केशवराजला जायचं तर वेळ हातात ठेवून. आसूदबागेतून उतरायचं, पोफळी-नारळीच्या सावलीतून नदीपर्यंत, मग साकवावरून पलीकडे आणि पायऱ्यांची चढण. मोठ्यांना अर्धा तास पुरतो. तीन वर्षांच्या मुलाला दीड लागेल, कारण वाटेत पाट आहेत. पाटाच्या पाण्यात पान सोडायचं आणि ते कुठे अडकतं ते बघायचं, हा त्याचा मुख्य कार्यक्रम. वर देवळाजवळ गोमुखातून बारमाही पाणी पडतं, तोवर त्याला पाण्याचं कौतुक उरलेलं नसतं. पावसाचं शेवाळ दिवाळीपर्यंत पायऱ्यांवर असतंच, म्हणून बाबागाडी नकोच. लहानग्याला पाठीशी किंवा कडेवर. खाली पडलेली पोफळीची विरी मिळाली तर मुलाला तिच्या रुंद भागावर बसवून देठाला धरून ओढायचं. कोकणातल्या पोरांची ही बिनपैशांची गाडी आहे, आणि मागे बसून तोल सांभाळणं हा पाठीच्या कण्याला चांगला व्यायामही आहे. हाच परिसर श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’चा. पेंडसे जवळच्या मुर्डीचे. आईबाबांनी येण्याआधी कादंबरी वाचली असेल तर मूल पाटाशी खेळत असताना त्यांनाही बघायला पुष्कळ आहे.

दसऱ्यापासून हळवं भात कापायला येतं, मग निमगरवं, मग गरवं. दिवाळीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी, झोडणी चाललेली दिसते. आश्विन पौर्णिमेला इथे नवान्न. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडू, झेंडू एकत्र बांधून दाराला ‘नवं’ लावतात आणि नव्या तांदळाची खीर होते. त्या सुमारास घरात सहा महिन्यांचं बाळ असेल तर उष्टावण उरकून घेण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. मुलाचं सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या किंवा सातव्यात, असं जुनी माणसं धरतात. आजचे डॉक्टर सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध सांगतात, तेव्हा मुलीसाठी सातवा धरावा. परंपराही राहते आणि डॉक्टरही. मध मात्र वर्षाच्या आत बोटावरही नको. त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात वाढू शकतात. गूळ घातलेल्या खिरीचा एक घास चाटवला की विधी झाला.

दसऱ्याचं पाटीपूजन तसंच. एक आकड्यांची सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, आणि अडीच वर्षांच्या मुलाच्या मुठीत पेन्सिल देऊन ‘श्री’ गिरवायचा. फोटो छान येतो. पण त्या वयात बोटांची पकड लिहिण्याइतकी तयार झालेली नसते. पूर्वी आधी धूळपाटीवर बोटाने अक्षर काढत, ते वयाला धरून होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघांच्या साथीने महागडी साधनं बाजूला ठेवून शंख, शिंपले, बिया, पानं, दगडगोटे यांतूनच मोजणी आणि वर्गवारी शिकवली. हे सगळं सामान आंजर्ल्याच्या वाळूत पसरलेलं असतं. बोटांच्या चिमटीने शिंपले वेचणं, मोठे-लहान वेगळे करणं, ओल्या वाळूत काडीने रेघ मारणं. घरी आल्यावर पेन्सिल नीट धरायची तयारी इथेच होते. जिवंत शंख असेल तर तो पाण्यात परत ठेवायचा, एवढा नियम पुरे.

ओहोटीला वाळूत बारीक भोकं दिसतात आणि त्यांच्याभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी, ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. पुढच्या भरतीत सगळं पुसतं. एका जागी न हलता बसलं तर खेकडा बाहेर येतो. तीन वर्षांच्या मुलाने दोन मिनिटं गप्प बसणं हा कुठल्याही तक्त्यात नसलेला टप्पा आहे. याच दिवसांत कुरवांचे थवे येऊ लागतात. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवरून आलेले. थव्यात मुलाला पळत सोडून व्हिडिओ काढणारे पालक दर वर्षी दिसतात. थकून टेकलेल्या पक्ष्यांना उठवण्यात कसलं कौतुक, ते मला समजलेलं नाही. कासवांची पिल्लं बघायला मात्र दिवाळीत येऊ नये. ती वाळूतून बाहेर पडतात साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये.

किल्ला करणाऱ्या वयाची मुलं असतील तर हर्णैला एक संध्याकाळ द्यावी. समुद्रात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेदुर्ग, गोवा किल्ला. चार किल्ले एका नजरेत मावतात. मराठा लष्करी स्थापत्याच्या ज्या बारा किल्ल्यांना २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. होडीतून किल्ल्यात जाणं लहानांसाठी नकोच. कनकदुर्गावरून बघावा, आणि खाली ओल्या वाळूत तसाच बांधावा. अंगणातल्या मातीच्या किल्ल्याला खंदक कोरडा ठेवावा लागतो, इथे तो आपोआप भरतो. मासळीचा लिलाव बघायचा तर लांबूनच. गर्दी, घसरडं आणि आरडाओरडा यांत दोन वर्षांचं मूल घाबरतं.

तालुक्याच्या दक्षिण टोकाला दाभोळ. तिथून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते, माणसं, मोटारी, दुचाक्या सगळं एकदम घेऊन. गुहागरला जाणाऱ्यांचा चिपळूणवरून पडणारा लांबचा वळसा तिने वाचवला. मुलाच्या दृष्टीने आपली मोटार पाण्यावरून चालली, ही आजवरच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना असते, आणि प्रवास इतका थोडक्यात संपतो की कंटाळायला किंवा ओकायला वेळच मिळत नाही. पलीकडे धोपाव्याला काही काम नसलं तरी बिघडत नाही. गाडी दाभोळलाच सावलीत लावायची, माणसांचं तिकीट काढायचं, पलीकडे जायचं आणि त्याच बोटीने परत यायचं. पुन्हा जाऊ या म्हणालं, तर पुन्हा तिकीट काढायचं.